सात खेळतात, बाकीच्यांचे काय?

शाळेच्या वेळापत्रकातला ‘शा. शि.’चा तास बहुतेक वाचकांना आठवत असेल. चेंडू एक, मैदान एक आणि खेळणारी मुले तीच ती. मी शिकले त्या निवासी शाळेत बहुतेक मुली त्या तासाला कडुनिंबाखाली बसून खेळणाऱ्यांच्या चपला सांभाळीत. कबड्डीच्या स्पर्धेला बारा जणी निवडून जात. उरलेल्यांचा खेळाशी संबंध टाळ्यांपुरता.

या दुखण्यावर अमेरिकेतील शारीरिक शिक्षणाचे एक प्राध्यापक, डॅरिल सिडेनटॉप, यांनी उपाय मांडला. १९८२ साली, म्हणजे आपला गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला त्याच वर्षी, ब्रिस्बेन येथील परिषदेत त्यांनी तो सांगितला आणि १९९४ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. म्हणणे साधे आहे. तासाला सुटी सुटी कौशल्ये घोटून घेतली की मुले कंटाळतात. खऱ्या खेळाला मात्र हंगाम असतो, आपला म्हणावा असा संघ असतो, सामन्यांची नोंद असते आणि शेवटी उत्सव असतो. तेच सारे तासात आणावे.

हंगाम म्हणजे काय, हे झाडीपट्टीतल्या माणसाला शिकवायला नको. धानाचा हंगाम, मोहाचा, तेंदूपानांचा आणि नाटकांचासुद्धा! धान निघाले की गावोगावी कबड्डीचे सामने होतात. तिथे खेळणारे थोडे, पण राबणारे पुष्कळ. कोणी फक्कीने रेषा आखतो, कोणी वर्गणी गोळा करतो, कोणी भोंग्यावरून सामन्याचे वर्णन करतो. म्हणूनच ही परदेशी कल्पना मला परकी वाटली नाही.

आता कबड्डीचेच उदाहरण घेऊ. वर्ग चाळीस मुलांचा. दहा-दहांचे चार संघ पाडायचे आणि हंगाम संपेपर्यंत ते मोडायचे नाहीत. (स्नेहसंमेलनापुरते लाल-निळे गट आपल्याकडेही पडतात, आठवड्यात ते विरून जातात.) दोन संघ खेळतील. तिसरा त्या दिवशी कामावर: एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक, दोन साहाय्यक गुणलेखक. शिवाय कोणी घड्याळ पाहील, कोणी प्रत्येकाच्या चढाया व पकडी वहीत मांडील. चौथा संघ बाजूला सराव करील. सुरुवातीचे सहा तास सराव व नियम यांना द्यावेत. मग प्रत्येक संघ दुसऱ्याशी दोनदा खेळला की बारा सामने, दुसऱ्या-तिसऱ्या संघाचा एक आणि अंतिम एक. असे वीस तास भरतात. सिडेनटॉपही हंगाम साधारण एवढाच लांब असावा म्हणतात. संघातले तिघे बाहेर उरतात, त्यांना उत्तरार्धात उतरवलेच पाहिजे असा नियम करावा. कामावरच्या संघाने काम चोख केले तर त्याचेही गुण तक्त्यात मिळावेत.

मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते गुणलेखकाचे काम. लोणाचे दोन गुण केव्हा, बोनस केव्हा, हे कळल्याशिवाय एक ओळही लिहिता येत नाही. जिला पळता येत नाही ती मुलगीही अशा वेळी खेळाच्या आत असते. तिची वही चुकली तर सामन्याचा निकाल चुकतो, म्हणून सगळे तिला विचारायला येतात. कडुनिंबाखाली मला कोणी काही विचारल्याचे आठवत नाही.

अडचणी आहेतच. कित्येक लहान शाळांत स्वतंत्र क्रीडाशिक्षक नसतो, आणि अशा हंगामाची आखणी आधी बसून करावी लागते. दुसरी अडचण अधिक चिवट आहे. मुले-मुली एका संघात असली की कप्तानपद व हुकूम मुलगे बळकावतात, असे परदेशातल्या अभ्यासकांनाही आढळले आहे. यावर पदे दर तीन सामन्यांनी फिरती ठेवावीत, असे मला वाटते. चिठ्ठ्या टाकून नव्हे, क्रमाने.

आपल्या जिमखान्याने पुढच्या वर्षी प्रथम वर्षाच्या एका तुकडीवर हा प्रयोग करून पाहावा. खर्च म्हणाल तर फक्कीचे एक पोते, तीन शिट्ट्या आणि एक दोनशेपानी वही.