वाळवंटातल्या वेशी

अल्जीरियातल्या बिस्क्रा शहराच्या दक्षिणेला जेदी नावाची नदी आहे. वर्षातला बहुतेक काळ ती कोरडीच असते. या नदीच्या पट्ट्यात सुमारे 60 किलोमीटर लांबीचा एक बुजत आलेला खंदक आहे. आसपासचे लोक त्याला ‘सेगिया’ म्हणजे पाट म्हणत आले, आणि वाळवंटाच्या तोंडाशी माणसाने एवढे खोदले ते पाण्यासाठीच असणार, हा त्यांचा तर्क चुकीचा म्हणता येत नाही. सुरुवातीच्या काही अभ्यासकांचाही तसाच समज होता. 1903 मध्ये स्तेफान ग्सेल या फ्रेंच पुराविदाने मात्र या पाटाची सांगड एका रोमन कायद्याशी घातली. इ.स. 409 मध्ये सम्राट होनोरियस आणि दुसरा थिओडोसियस यांच्या नावाने निघालेला हा कायदा आफ्रिकेच्या कारभाऱ्याला उद्देशून आहे. सीमेची आणि ‘फोसाटुम’ची, म्हणजे खंदकाची, देखभाल करण्याच्या अटीवर पूर्वजांनी तिथल्या टोळ्यांना जमिनी दिल्या होत्या, आता त्या जमिनी ज्यांच्या ताब्यात असतील त्यांनी ती जबाबदारी पार पाडावी, नाहीतर जमीन सोडावी, असे त्यात बजावले आहे. कायद्यातला फोसाटुम हाच, असे ग्सेलचे म्हणणे होते.

ते सिद्ध व्हायला विमानाची वाट पाहावी लागली. जमिनीवर उभे राहिले तर खंदक म्हणजे एक उथळ घळ आणि शेजारचा बांध म्हणजे मातीचा उंचवटा, एवढेच दिसते. सकाळ-संध्याकाळी ऊन तिरपे पडते तेव्हा मात्र हातभर उंचवट्याचीही लांब सावली पडते, आणि ती आकाशातून सरळ रेघेसारखी उमटते. फ्रेंच वायुदलातले कर्नल जाँ बारादेझ यांनी अशी छायाचित्रे पद्धतशीर घेतली आणि 1949 मध्ये ‘फोसाटुम आफ्रिके’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. खंदक, त्यामागचा तट, टेहळणीचे बुरूज, वेशी, मागे थोड्या अंतरावरची लष्करी ठाणी आणि त्यांना जोडणारे रस्ते, असा सगळा मांड त्यात प्रथमच एकत्र दिसला. जेमेले या ठाण्याचे उत्खननही बारादेझ यांनीच केले. तिथे सम्राट हेड्रियनच्या काळातले शिलालेख मिळाले. हेड्रियनने ब्रिटनमधली त्याची प्रसिद्ध भिंत इ.स. 122 मध्ये बांधायला घेतली आणि 128 मध्ये तो स्वतः आफ्रिकेत आला होता. त्यामुळे जेमेलेजवळचा खंदक निदान सुरू तरी त्याच्या काळात झाला असावा, असे बरेच अभ्यासक मानतात. पण ठाण्याचा काळ ठरला म्हणजे खंदकाचा काळ ठरला असे होत नाही, आणि सगळे तुकडे एकाच पिढीने बांधले असेही नाही. नुसत्या मातीच्या बांधाचे वय सांगणे हे या क्षेत्रातले सर्वात अवघड काम आहे.

‘तुकडे’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. वाळवंटाच्या कडेने सलग धावणारी रोमन भिंत कधीच नव्हती. ब्रिटनमधली भिंत एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत जाते, पण आफ्रिकेत हजारो किलोमीटर उघड्या सीमेवर तसे करणे अशक्य होते आणि त्याची गरजही नव्हती. वाळवंटात कुणी वाटेल तिथून येऊ शकत नाही. माणूस आणि जनावर पाण्याच्या मागे चालतात, त्यामुळे वाटा ठरलेल्या असतात: एका विहिरीकडून दुसऱ्या विहिरीकडे, आणि डोंगर आडवा आला की त्यातल्या खिंडीकडे. डोंगर, खारट दलदली आणि निर्जल पठारे हे अडथळे निसर्गाने आधीच उभे केले होते. रोमनांनी फक्त मधल्या फटी बुजवल्या.

हे सर्वात स्वच्छ दिसते ते दक्षिण ट्युनिशियात आणि पश्चिम लिबियात. तिथल्या छोट्या आडभिंतींना अभ्यासक ‘क्लाउसुरे’ म्हणतात. रोखणे, बंद करणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून हा शब्द आला. ट्युनिशियात तेबागा डोंगराच्या टोकापासून समोरच्या मात्माता डोंगररांगेपर्यंत सुमारे 17 किलोमीटर लांबीचा खंदक आणि बांध आहे. बीर उम अली इथल्या खिंडीतली भिंत दगडी आहे आणि अजूनही चांगली उभी आहे. लिबियात गर्यानच्या परिसरात सुमारे 6 किलोमीटरची एक भिंत आहे, तिला स्थानिक लोक ‘हद्द हजर’ म्हणतात, म्हणजे दगडी हद्द. त्यातला ‘हद्द’ हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही.

आता प्रश्न असा की या भिंती नेमक्या कुणाला अडवत होत्या? जिथे मोजमाप करता आले तिथे तट साधारण दोन-अडीच मीटर उंच आणि खंदक तीन ते सहा मीटर रुंद भरतो. फौजेला तो तासभरही थोपवू शकला नसता, आणि रात्री एखादा माणूस सोबत्याच्या खांद्यावर चढून सहज पलीकडे गेला असता. पण शंभर मेंढ्या खांद्यावर चढत नाहीत. लादलेला उंट खंदकात उतरत नाही, चोरलेली गुरे तटावरून हाकता येत नाहीत, आणि घोड्यावरून लुटीला आलेल्यांना परत जातानाही घोड्यासह पलीकडे जायचेच असते. भिंतीची उंची माणसाच्या मानाने नव्हे, जनावराच्या मानाने ठरवली होती असे धरले, की तिचा सगळा हिशेब जुळतो. कळप घेऊन निघालेल्याला वेशीकडेच यावे लागे, आणि वेशीवर पहारा असे. त्यामुळे या बांधकामात खरे महत्त्व वेशीचे आहे. भिंत आहे ती लोकांना वेशीकडे वळवण्यासाठी.

असे कळप त्या वाटांनी दरवर्षी जात-येत. हिवाळ्यात वाळवंटाच्या कडेला पावसाने गवत उगवते, उन्हाळ्यात ते संपते. मग पशुपालक कुटुंबकबिल्यासह उत्तरेच्या डोंगराळ, ओल्या भागाकडे सरकतात. त्याच सुमाराला तिथल्या गव्हाची सुगी असते, मजूर हवे असतात, आणि कापणी झालेल्या रानात जनावरे बसली तर शेताला खत मिळते. शेतकऱ्याला पशुपालक हवा असतो आणि नकोही असतो: सुगीला हवा, पीक उभे असताना नको. ही ये-जा थांबवण्यात रोमनांचा काहीच फायदा नव्हता. ती योग्य वेळी, ठरल्या वाटेने आणि मोजून व्हावी, एवढेच त्यांना पाहिजे होते. काही अभ्यासक अजूनही या बांधकामांकडे मुख्यतः लष्करी संरक्षण म्हणून पाहतात आणि लुटारू टोळ्यांचा धोका खराही होता. पण ठाण्यांमधून मिळालेले लेखी पुरावे वेशीच्या बाजूने झुकतात.

त्यातला सर्वात बोलका पुरावा लिबियातल्या बू नजेमचा आहे. रोमन काळात या ठाण्याचे नाव गोलाया. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस हा स्वतः लिबियाच्या किनाऱ्यावरच्या लेप्टिस माग्नाचा. त्याच्या कारकिर्दीत दक्षिणेकडून येणाऱ्या मोठ्या वाटांवर बू नजेम, गेरियात अल-गर्बिया आणि घदामेस या तीन ठिकाणी सैन्य बसवले गेले. तिसऱ्या ऑगस्टा या रोमन लीजनची, म्हणजे सैन्यदलाची, तुकडी 24 जानेवारी 201 रोजी बू नजेमला पोहोचली, इतकी नेमकी तारीख शिलालेखांवरून कळते. सव्वा हेक्टरचे हे ठाणे वाळूखाली गाडले गेले होते. 1967 पासून रने रेबुफा यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन झाले, आणि ठाण्याच्या कचेरीतले कागद हाती लागले. कागद म्हणजे अर्थात खापऱ्या. पपायरस महाग आणि दूरचा, पण फुटलेल्या रांजणांना तोटा नव्हता. कारकून त्यांच्या तुकड्यांवर शाईने लिहीत. सुमारे दीडशे खापऱ्या वाचून रोबेर मारिशाल यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांतल्या तारखा इ.स. 253 ते 259 या काळातल्या आहेत.

या खापऱ्यांवर युद्धाची वर्णने नाहीत. रोजची हजेरी आहे, आणि ती कित्येकदा शंभर माणसांचीही भरत नाही. किती जण आजारी, किती वेशीवर, किती टेहळणीला, किती स्नानगृहाच्या कामाला, किती भट्टीवर आणि फटके खाण्याच्या शिक्षेवर कोण, सगळे नोंदलेले आहे. उंटांवरून धान्य आल्याच्या पोचपावत्या आहेत. उंट हाकणाऱ्यांची नावे स्थानिक आहेत, धान्याची मापेही स्थानिक आहेत. आणि बाहेरच्या चौक्यांवरून आलेले छोटे निरोप आहेत: अमुक दिवशी गरामांत आले, त्यांच्याबरोबर एवढी गाढवे होती, त्यांनी जव आणला. गरामांत हे दक्षिणेकडच्या फेझान प्रदेशातले लोक. रोमन लेखकांनी त्यांना रानटी ठरवले होते. फेझानमधल्या उत्खननांनी मात्र त्यांची गावे, शेती आणि भुयारी पाटांची पाणीव्यवस्था उजेडात आणली आहे. ज्यांच्यावरच्या स्वारीबद्दल कोर्नेलियस बाल्बसने इ.स.पू. 19 मध्ये रोमला विजययात्रा काढली, त्यांचीच चार गाढवे पावणेतीनशे वर्षांनी चौकीवरचा शिपाई मोजून लिहून ठेवतो. सीमेचा रोजचा व्यवहार एखाद्या विजयस्तंभापेक्षा या नोंदीतून अधिक कळतो.

त्याच ठाण्यात दोन नायकांनी रचलेल्या लॅटिन कवितांचे शिलालेखही मिळाले. एकात नव्या स्नानगृहाचे कौतुक आहे, दुसऱ्यात वेस पुन्हा बांधल्याचा अभिमान. दुसऱ्याचा कवी पोर्कियस यासुक्थान नावावरून स्थानिक वाटतो आणि त्याचे लॅटिन अशुद्ध आहे. तरीही प्रत्येक ओळीच्या पहिल्या अक्षरातून त्याने आपले नाव गुंफले आहे.

वेशीवर पैसेही गोळा होत. अल्जीरियातल्या झराई इथे इ.स. 202 चा जकातीचा दरफलक सापडला. तिथली लष्करी तुकडी हलवल्यानंतर हा नाका बसवला गेला, असे फलकच सांगतो. गुलामाला दीड दिनार, घोड्याला दीड दिनार, गाढवाला आणि बैलाला अर्धा. माणूस आणि घोडा एकाच दराने लिहिलेले वाचताना आजच्या वाचकाला थांबावे लागते. कातडी, कापड, मद्य यांचेही दर आहेत, पण बाजाराला निघालेल्या जनावरांना मात्र माफी आहे. कळपांची वाट मोकळी ठेवण्याची गरज जकातदारालाही मान्य होती.

दोनशे वर्षांनंतरही वेशीवरचा व्यवहार तसाच चालू होता, हे एका अनपेक्षित ठिकाणाहून कळते. चौथ्या शतकाच्या अखेरीस पुब्लिकोला नावाच्या जमीनदाराने हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याला पत्र लिहून धर्मशंका विचारली. सीमेवर पिकांच्या राखणीला आणि ओझी वाहायला टोळीवाले ठेवतात. ते आधी सीमेवरच्या अधिकाऱ्यासमोर आपल्या देवांची शपथ घेतात आणि मग पत्र घेऊन आत येतात. अशा शपथेवर राखलेले धान्य ख्रिस्ती माणसाने खावे का, हा त्याचा प्रश्न होता. ऑगस्टीनचे उत्तर असे की खोटी शपथ घेण्यापेक्षा खोट्या देवाच्या नावाने घेतलेली शपथ पाळणे बरे. पुराविदाला मात्र त्या पत्रात वेशीवरची पद्धत दिसते: अधिकारी, शपथ, परवाना आणि मग प्रवेश.

सगळ्याच वाळवंटांत रोमनांनी भिंती बांधल्या नाहीत. इजिप्तच्या पूर्व वाळवंटात नाईलकाठच्या कोप्टोसपासून तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके आणि म्योस होर्मोस या बंदरांपर्यंतच्या वाटांवर फक्त विहिरी होत्या, आणि प्रत्येक विहिरीभोवती एक गढी. भारतातला माल याच वाटांनी नाईलवर जाई. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठण आणि तेरहून भडोचला येणाऱ्या मालाची नोंद आहे, सोपारा आणि कल्याणचीही नावे आहेत. इजिप्तच्या या गढ्यांतल्या खापऱ्यांवर हल्ल्यांच्या बातम्या मात्र आढळतात. इ.स. 118 मध्ये साठ टोळीवाल्यांनी एका गढीला वेढा घातल्याचा निरोप एका चौकीतून दुसरीकडे धाडला गेला. साठ ही फौज नव्हे, पण दहा-पंधरा शिपायांच्या गढीला तेवढे पुरेसे होते.

सीरियातले कोडे वेगळे आहे. आंत्वान प्वादबार हे जेझुइट धर्मगुरू 1920 च्या दशकात विमानातून या वाळवंटावर फिरले आणि 1934 च्या त्यांच्या ग्रंथात 116 गढ्यांची नोंद आली. उत्तर-दक्षिण ओळीत उभी असलेली ही ठाणी म्हणजे इराणी साम्राज्य आणि वाळवंटी टोळ्यांविरुद्धची तटबंदी, असे त्यांनी मांडले, आणि पाठ्यपुस्तकांनी ते उचलले. 2023 मध्ये डार्टमथ महाविद्यालयातल्या जेसी कसाना आणि सहकाऱ्यांनी शीतयुद्धाच्या काळातली, आता खुली झालेली अमेरिकन हेर-उपग्रहांची छायाचित्रे तपासून 396 नव्या गढ्यांसारख्या जागा दाखवल्या. त्या उत्तर-दक्षिण रांगेत नाहीत. पूर्व-पश्चिम दूरवर विखुरलेल्या आहेत. व्यापारी तांडे, डाक आणि सैन्य यांच्या ये-जा करण्याच्या वाटांवरचे ते मुक्काम असावेत, असा नवा अर्थ पुढे आला आहे. मात्र यातल्या बहुतेक जागा खणलेल्या नाहीत, त्यामुळे प्रत्येकीचा काळ वेगळा निघू शकतो. प्वादबार यांचे विमान जिथे गेले तिथेच त्यांना गढ्या दिसल्या, हा धडा पुराविदांनी मनावर घेण्यासारखा आहे. शोधणाऱ्याच्या वाटेचाच नकाशा कधीकधी सीमेचा नकाशा म्हणून छापला जातो.

आफ्रिकेतला फोसाटुम 409 च्या कायद्यानंतर फार काळ कागदोपत्री दिसत नाही. 429 मध्ये वँडल सैन्य स्पेनकडून सामुद्रधुनी ओलांडून आफ्रिकेत उतरले आणि 439 मध्ये कार्थेज त्यांच्या हाती गेले. साम्राज्याला धक्का देणारे सैन्य वाळवंटातल्या वेशीतून आलेच नव्हते. खंदक मात्र जागच्या जागी राहिला. आज त्याला नांगर, बुलडोझर आणि नवे रस्ते यांचा धोका आहे, कारण नकाशावर नसलेला बांध सपाट करताना कुणाला काही पाडल्यासारखे वाटत नाही. ब्रिटनची हेड्रियनची भिंत 1987 मध्येच जागतिक वारशाच्या यादीत गेली. दक्षिण ट्युनिशियातली रोमन सीमा 2012 पासून प्रस्तावित यादीत आहे. बारादेझ यांची छायाचित्रे आता पाऊण शतकाची झाली आहेत, आणि काही तुकड्यांची तेवढीच नोंद उरली आहे.