बिअर, अल्प-कॅलरी

नेहमीच्या बिअरच्या मानाने कमी ऊर्जा देणारी बिअर. हिला सामान्यतः ‘लाइट बिअर’ म्हणतात. तथापि या शब्दाचा अर्थ सर्व देशांत सारखा नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत त्याने कमी कॅलरींचा बोध होतो, ऑस्ट्रेलियात कमी अल्कोहॉलाचा, तर काही ठिकाणी केवळ फिकट रंगाचा. त्यामुळे वजन, मधुमेह किंवा अन्य कारणाने आहारावर नियंत्रण ठेवणाऱ्या प्रवाशास परदेशात केवळ नावावरून बिअरची निवड करता येत नाही. वेष्टनावरील आकडे वाचता येणे त्यासाठी आवश्यक ठरते.

बिअर सामान्यतः माल्ट केलेले सातू, पाणी, हॉप व यीस्ट यांपासून तयार करतात. माल्टमधील एंझाइमे स्टार्चाचे विघटन करून शर्करा बनवितात आणि यीस्ट या शर्करेचे किण्वन करून अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण करते. स्टार्चाचा काही भाग मात्र डेक्स्ट्रिनांच्या रूपात शिल्लक राहतो. नेहमीच्या यीस्टला डेक्स्ट्रिनांचे किण्वन करता येत नाही. बिअरचा भरीवपणा व तीमधील कार्बोहायड्रेटे मुख्यतः यांमुळेच येतात. तयार बिअरमधील ऊर्जेचे असे दोन प्रमुख उगम असतात : अल्कोहॉल (१ ग्रॅममागे ७ किलोकॅलरी) व कार्बोहायड्रेटे (१ ग्रॅममागे ४ किलोकॅलरी). प्रथिनांचा वाटा अल्प असून मेद जवळजवळ नसतो. घनफळाने ५ टक्के अल्कोहॉल असलेल्या ३५५ मिलि. बिअरमध्ये सु. १४ ग्रॅ. अल्कोहॉल व १२ ते १३ ग्रॅ. कार्बोहायड्रेटे असतात आणि तिच्यापासून सु. १५० किलोकॅलरी मिळतात. यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश ऊर्जा एकट्या अल्कोहॉलाची असते. बिअर धान्यामुळे पुष्टिकारक होते ही समजूत म्हणूनच अर्धवट खरी आहे.

डेक्स्ट्रिनांचेही किण्वन घडविणे हा अल्प-कॅलरी बिअरच्या निर्मितीचा गाभा होय. न्यूयॉर्कमधील ऱ्हाइनगोल्ड या मद्यनिर्मितिगृहातील जीवरसायनशास्त्रज्ञ जोसेफ ओवाड्‌स यांनी ॲमिलोग्लुकोसिडेज हे एंझाइम वापरून डेक्स्ट्रिनांचे ग्लुकोजमध्ये विघटन घडविले. या पद्धतीने बनविलेली ‘गॅब्लिंगर्स डाएट बिअर’ १९६७ मध्ये बाजारात आली, पण ती चालली नाही. ‘डाएट’ हा शब्द बिअर पिणाऱ्या पुरुषवर्गास रुचला नाही, असे तिच्या अपयशाचे कारण सांगितले जाते. पुढे ही पद्धती शिकागोच्या माइस्टर ब्राउ या कंपनीकडे गेली व तिची ‘लाइट’ बिअर निघाली. १९७२ मध्ये तिची बोधनामे मिलर कंपनीने विकत घेतली आणि १९७५ मध्ये ही बिअर देशभर विक्रीस आणली. जाहिरातीत नामवंत खेळाडूंची योजना करून, ही बिअर चवदार असून पोट जड करीत नाही, असा प्रचार केला गेला. पेय तत्त्वतः तेच होते. यश आले ते पथ्याचा उल्लेख टाळल्यामुळे. ‘कूर्स लाइट’ (१९७८) व ‘बडवायझर लाइट’ (१९८२) या नंतरच्या होत.

एंझाइमामुळे कॅलरी नाहीशा होतात, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. १ ग्रॅ. ग्लुकोजापासून सु. अर्धा ग्रॅम अल्कोहॉल मिळते व त्याची ऊर्जा मूळ शर्करेच्या ऊर्जेपेक्षा फारशी कमी नसते. ठाणे-पालघर किनाऱ्यावर हे तत्त्व नीरा व ताडी यांच्या उदाहरणाने सहज समजते. भाईंदरच्या पश्चिमेस समुद्रकाठी असलेल्या चौक किंवा उत्तन येथील रहिवाशास गोड नीरा आंबत जाऊन तिची गोडी कशी कमी होते, हे सांगावे लागणार नाही. गोडी गेली तरी ऊर्जा बरीचशी अल्कोहॉलाच्या रूपात ताडीत शिल्लकच असते. बिअरमध्ये डेक्स्ट्रिनांचे किण्वन केल्यास कार्बोहायड्रेटे घटतात, पण अल्कोहॉल वाढते. खरी बचत होते ती आरंभी धान्याचा अंश कमी ठेवल्याने वा अखेरीस पाणी मिसळून अल्कोहॉलाचे प्रमाण खाली आणल्याने. ‘मिलर लाइट’च्या ३५५ मिलि. डब्यात ४·२ टक्के अल्कोहॉल, ३·२ ग्रॅ. कार्बोहायड्रेटे व ९६ किलोकॅलरी असतात; यांपैकी ८० हून अधिक अल्कोहॉलाच्याच होत.

यावरून प्रवाशास उपयोगी पडेल असा एक ठोकताळा मिळतो. १०० मिलि. बिअरमागे अल्कोहॉलाच्या प्रत्येक टक्क्यास ५·५ किलोकॅलरी धराव्यात व त्यांत कार्बोहायड्रेटांसाठी नेहमीच्या बिअरबाबत १२ ते १४ आणि अल्प-कार्बोहायड्रेट बिअरबाबत ३ ते ५ मिळवाव्यात. अल्कोहॉलाची टक्केवारी बहुतेक देशांत वेष्टनावर असते, त्यामुळे अपरिचित भाषेच्या देशातही हा हिशेब करता येतो. रंगाचा येथे उपयोग नाही. आयर्लंडची काळी ‘गिनेस ड्राफ्ट’ ४·२ टक्क्यांची असून तिच्या ३५५ मिलि.पासून सु. १२५ किलोकॅलरी मिळतात; उलट बव्हेरियातील ‘हेलेस’ या नावाचा अर्थच फिकट असा असला, तरी तीत सु. ५ टक्के अल्कोहॉल असते व ती कॅलरींच्या दृष्टीने मुळीच हलकी नाही. पेल्याचे मापही पाहावे लागते. ब्रिटिश पिंट ५६८ मिलि. असल्याने ४ टक्क्यांच्या साध्या बिअरचा एक पिंट सु. १९० किलोकॅलरींचा होतो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘लाइट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिअरच्या वेष्टनावर कॅलरी, कार्बोहायड्रेटे, प्रथिने व मेद यांचे आकडे देणे आवश्यक असल्याने तेथे निवड सर्वांत सोपी आहे. ‘लो कार्बोहायड्रेट’ म्हणविणाऱ्या बिअरच्या ३५५ मिलि.मध्ये ७ ग्रॅमहून अधिक कार्बोहायड्रेटे असू शकत नाहीत. कॅनडात ‘लाइट’ हा शब्द अल्कोहॉलाशी निगडित असून त्याची मर्यादा २·६ ते ४ टक्के आहे. ऑस्ट्रेलियातील ‘लाइट’ बिअर साधारणपणे ३ टक्क्यांच्या आसपास वा त्याखाली व ‘मिड-स्ट्रेंग्थ’ सु. ३·५ टक्क्यांची असते. तेथे वाहनचालकांची श्वासतपासणी कसोशीने केली जाते आणि रक्तातील अल्कोहॉलाची सर्वसाधारण मर्यादा ०·०५ टक्के आहे. या प्रकारांच्या प्रसारामागे तेच मोठे कारण आहे. ‘लो कार्ब’ हा तेथील निराळा वर्ग असून त्यात अल्कोहॉल पुष्कळदा नेहमीइतकेच असते.

यूरोपीय संघात १·२ टक्क्यांहून अधिक अल्कोहॉल असलेल्या बिअरला घटक व पोषणमूल्ये छापण्याच्या सक्तीतून सूट आहे. तरीही अनेक उत्पादक स्वेच्छेने ऊर्जेचा आकडा देतात. तो किलोज्यूलमध्येही असतो. १८० हा आकडा पाहून दचकण्याचे कारण नाही, कारण ४·१८४ ने भागल्यावर तो ४३ किलोकॅलरी एवढाच भरतो. जर्मनीत ‘लाइख्टबिअर’ ही कमी अल्कोहॉलाची, तर ‘डिएट पिल्स’ ही मधुमेहींसाठी काढलेली कमी कार्बोहायड्रेटांची बिअर. दुसरीत अल्कोहॉल कमी नसते. मधुमेहींसाठीच्या खास खाद्यपदार्थांचा वर्गच पुढे तेथील नियमांतून काढून टाकण्यात आला. चेक प्रजासत्ताकात बिअरच्या नावापुढे येणारे १०° किंवा १२° हे अंश अल्कोहॉलाचे नसून किण्वनापूर्वीच्या रसातील विद्राव्य अर्काचे असतात. १०° ची बिअर सु. ४ टक्क्यांची व १२° ची सु. ५ टक्क्यांची. ‘दहा टक्के’ समजून ती नाकारणारा प्रवासी नेमकी हलकी बिअरच नाकारतो. स्वीडनमध्ये किराणा दुकानांत ३·५ टक्क्यांपर्यंतचीच बिअर मिळते. त्याहून तीव्र बिअर मुख्यतः शासकीय मक्तेदारीच्या दुकानांतून विकली जाते.

जपानमध्ये १०० मिलि.मागे ऊर्जेचे आकडे डब्यावर सर्रास छापलेले आढळतात. ‘तोशित्सु झीरो’ म्हणजे शर्कराविरहित असे लिहिलेले प्रकार तेथे लोकप्रिय आहेत. परंतु १०० मिलि.मध्ये ०·५ ग्रॅमपेक्षा कमी शर्करा असल्यास ‘शून्य’ म्हणण्याची तेथील नियमांत मुभा आहे आणि शर्करा शून्य असली, तरी अल्कोहॉलाची ऊर्जा उरतेच.

सौदी अरेबिया व कुवेत येथे सर्वसाधारण प्रवाशास मद्य मिळत नाही. तेथे अल्कोहॉलविरहित माल्टपेये मिळतात. अल्कोहॉल नाही म्हणजे कॅलरी नाहीत, असे नव्हे. अल्कोहॉल काढून टाकलेल्या बिअरमध्ये १०० मिलि.मागे सु. २० किलोकॅलरी असू शकतात, तर किण्वन न केलेल्या गोड माल्टपेयांत शर्करा पुष्कळ असल्याने हा आकडा बराच वाढतो. मधुमेही व्यक्तीस अशी पेये लाइट बिअरपेक्षाही अधिक शर्करा देतात. जर्मनीसह अनेक देशांत ०·५ टक्क्यांपर्यंत अल्कोहॉल असलेल्या बिअरलाही ‘अल्कोहॉलविरहित’ म्हणतात. व्रत, धर्म किंवा औषधोपचार यांमुळे संपूर्ण वर्ज्य पाळणाऱ्याने ‘०·०’ असा निर्देश पाहणे इष्ट.

भारतीय प्रवाशाची तुलना बहुधा घरच्या बिअरशी असते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार ५ टक्क्यांपर्यंतची बिअर सौम्य व ५ ते ८ टक्क्यांची तीव्र गणली जाते. देशात तीव्र बिअरचा खप अधिक आहे. महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज हे बिअरनिर्मितीचे मोठे केंद्र आहे. ८ टक्क्यांच्या ६५० मिलि. बाटलीतून ३५० ते ४०० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे ‘मिलर लाइट’च्या सु. चार डब्यांइतक्या. ‘अल्ट्रा’ हा शब्दही फसवा आहे : अमेरिकेतील ‘मिकेलोब अल्ट्रा’ (३५५ मिलि.मध्ये ९५ किलोकॅलरी) कमी कॅलरींसाठी प्रसिद्ध आहे, तर भारतातील ‘किंगफिशर अल्ट्रा’मध्ये तो उंची प्रतीचा निदर्शक आहे.

वैद्यकीय दृष्ट्या कॅलरींपेक्षा अल्कोहॉल अधिक महत्त्वाचे ठरते. यकृत एरवी नवे ग्लुकोज निर्माण करून रक्तात सोडते. अल्कोहॉलामुळे या निर्मितीत अडथळा येतो. इन्शुलीन किंवा सल्फोनिलयूरिया वर्गातील गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीने उपाशीपोटी बिअर घेतल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. हा परिणाम काही तासांनी, प्रसंगी दुसऱ्या दिवशी सकाळीही दिसतो. अल्प-कार्बोहायड्रेट बिअरने हा धोका टळत नाही. उलट तीत शर्करा नसल्याने तेवढाही आधार उरत नाही. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही लक्षणे नशेसारखीच भासतात आणि परक्या देशात सोबत्यांची व पोलिसांचीही गल्लत होऊन उपचारास विलंब लागतो. यासाठी अशा प्रवाशाने पेयासोबत अन्न घ्यावे, झोपण्यापूर्वी रक्तशर्करा तपासावी आणि आपण मधुमेही असल्याचे त्या देशाच्या भाषेत लिहिलेले ओळखपत्र जवळ बाळगावे.