सारायेवो वसवले कोणी?

सारायेवोच्या जुन्या पेठेत सगळीकडे गाझी हुस्रेव बेगाची छाप दिसते: मशीद, मदरसा, छपराखालचा बाजार, ग्रंथालय. त्यामुळे हे शहर त्यानेच वसवले, असा समज सहज होतो. पण हुस्रेव बेग बॉस्नियाचा सुभेदार झाला १५२१ साली आणि त्याची मशीद १५३१ ची. शहराचा पाया त्याआधी साठेक वर्षे ऑटोमन सरदार ईसा बेग इशाकोविचने घातला होता, आणि त्याचा पुरावा कागदोपत्री आहे.

हा कागद म्हणजे १४६२ सालचा वक्फनामा, म्हणजे धर्मादाय दानपत्र. मिल्याट्स्का नदीवरचा पूल, हमाम, सराई, दुकाने, गिरण्या आणि वाटसरूंसाठी मुसाफिरखाना, असे बरेच काही त्यात नोंदले आहे. मुसाफिरखान्यात प्रवासी, विद्यार्थी, शिपाई, गोरगरीब यांना जेवण मिळावे आणि उरलेले अन्न गावातल्या गरीब मुलांना वाटावे, अशी व्यवस्था त्यात लावून दिलेली आहे. त्यातली तारीख फार बोलकी आहे. बॉस्नियाचे राज्य ऑटोमनांनी बुडवले १४६३ मध्ये, आणि ईसा बेग तिथला सुभेदार झाला १४६४ मध्ये. म्हणजे जिंकल्यावर सुभेदाराने शहर उभारले, हा क्रमच उलटा आहे. वडील इशाक बेगाकडून स्कोपयेची सरहद्द सांभाळण्याचे काम त्याच्याकडे आले होते. तिथून पुढे सरकताना त्याने आधी बाजार बसवला.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की तिथे ब्रोदाच नावाचे गाव होतेच, मग त्याने वसवले काय? गाव होते हे खरे, आणि ती जमीन ओसाड होती असे म्हणणे तिथल्या रहिवाशांवर अन्याय करणारे ठरेल. पण दुकानांच्या भाड्यावर आणि हमामच्या उत्पन्नावर स्वतःचा खर्च भागवणारी पेठ ईसा बेगाने आणली, आणि शहर वाढले ते तिच्याभोवती. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: सरहद्दीवरच्या सरदाराचा पैसा स्वाऱ्या आणि खंडणीतूनच आला ना? आला, आणि ते झाकण्याचे कारण नाही. मात्र केवळ लूट हवी असणारा माणूस शत्रूच्या सीमेलगत पूल आणि गिरण्या बांधत नाही. नोवी पाझार हे शहरही त्यानेच वसवलेले, स्कोपयेहून बॉस्नियाकडे जाणाऱ्या वाटेवरचे. फौजा त्या वाटेने गेल्या, तसे दुब्रोवनिकचे व्यापारीही नोवी पाझारवरून इस्तंबूलकडे जात.