सूक्ष्मजीवांचे अन्न (लेखांक सातवा) : बांगड्यातील हिस्टिडीन कोठे जाते?

गेल्या लेखांकात जिवाणूंच्या पेशीपटलाचे विवेचन केले. आता एखादे विवक्षित अमिनो आम्ल त्यांनी पोषकद्रवातून खरोखरच शोषले की नाही, याची खातरजमा कशी करतात ते पाहावयाचे आहे, आणि वसईकर वाचकांस त्यासाठी बांगड्याहून समर्पक उदाहरण सापडणे कठीण.

बांगड्याच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल मुक्त स्वरूपात विपुल असते. पाचूबंदरला किंवा अर्नाळ्याला उतरलेला मासा बर्फावाचून उन्हात राहिला, म्हणजे मॉर्गनेला मॉर्गनीसारखे जिवाणू ते हिस्टिडीन आत घेऊन त्यापासून हिस्टामीन बनवितात. असा मासा खाणाऱ्याचा चेहरा लाल होतो, अंगावर पित्त उठते, डोके ठणकते.

हे शोषण नळीत तपासावयाचे तर पेप्टोनचा रस्सा कुचकामाचा, कारण त्यात नाना अमिनो आम्ले मुळातच असतात. म्हणून क्षार, ग्लुकोज आणि मोजून घातलेले हिस्टिडीन एवढ्याच तपशिलाचा द्रव घेतात व त्याच्या तीन नळ्या करतात : एकीत जिवंत जिवाणू, दुसरीत उष्णतेने मारलेले, तिसरी निव्वळ कोरी. मृत जिवाणूंची नळी अनेकांना अनावश्यक वाटते. परंतु पेशींच्या पृष्ठभागास नुसते चिकटलेले आम्ल शोषणाच्या खात्यावर चुकून जमा होऊ नये, याची तीच हमी होय. ठरलेल्या मुदतीनंतर अपकेंद्रणाने पेशी तळाशी बसवून वरचा निवळ द्रव घेतात, त्यात निनहायड्रिन घालून नळी उकळत्या पाण्यात ठेवतात, आणि उमटणाऱ्या जांभळ्या रंगाच्या गडदपणावरून उरलेल्या आम्लाचे प्रमाण काढतात. ही रंगक्रिया रूहेमान यांनी १९१० साली नोंदविली.

तथापि येथेच खरी गोम आहे. हिस्टामीनही निनहायड्रिनशी रंग देते, अमोनियाही देतो. त्यामुळे हिस्टिडीन जवळजवळ संपले तरी नळी जांभळीच राहू शकते, आणि केवळ रंगावर भिस्त ठेवणारा विद्यार्थी ‘शोषण झाले नाही’ असा साफ चुकीचा निर्णय देऊन बसतो. यावर उपाय म्हणजे कॉन्स्डन, गॉर्डन व मार्टिन यांनी १९४४ साली प्रसिद्ध केलेली कागदी वर्णलेखनाची रीत. थेंबभर द्रव कागदावर ठेवून विद्रावक चढू दिला, मग निनहायड्रिन फवारून कागद तापविला, की हिस्टिडीनचा फिकटलेला ठिपका आणि हिस्टामीनचा नवा ठिपका वेगवेगळे उभे राहतात. कागद मात्र चिमट्यानेच धरावा. घामात अमिनो आम्ले असल्याने बोटांचे ठसेही जांभळे उमटतात.

एवढ्याने आम्ल द्रवातून गेले हे सिद्ध होते, पेशीत शिरले हे नव्हे. त्याचा प्रत्यक्ष पुरावा हवा तर किरणोत्सारी कार्बन-१४ असलेले हिस्टिडीन देऊन थोड्या थोड्या वेळाने पेशी सूक्ष्म गाळणीवर धराव्या लागतात, धुवाव्या लागतात व त्यांतील किरणोत्सार मोजावा लागतो.

घरी मात्र एवढे ध्यानात ठेवावे : एकदा तयार झालेले हिस्टामीन शिजविण्याने अगर तळण्याने नाहीसे होत नाही. म्हणून बांगडा घेताना तो पकडल्यापासून बर्फात होता की नाही, हे विचारून घ्यावे.