खुज्या ताऱ्यांची जन्मजात साक्ष

मे महिन्यात रात्री अकराच्या सुमारास कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडमुडशिंगीतून आग्नेयेकडे पाहिलं, की वृश्चिक राशीतली लालसर ज्येष्ठा चटकन ओळखू येते. तिच्या जवळच, किंचित वर, दुर्बिणीतून एक धुरकट ठिपका दिसतो. हा मेसिए ४, म्हणजे हजारो ताऱ्यांचा बंदिस्त तारकागुच्छ. अंतर सुमारे ६,००० प्रकाशवर्षं, वय १२ अब्ज वर्षांच्या आसपास.

अशा गुच्छातले सगळे तारे एकाच वायुमेघातून जन्मले, म्हणून त्यांची रासायनिक घडणही एकसारखी, असं खगोलशास्त्रज्ञ बरीच वर्षं मानत आले. तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या वर्णपटांनी या समजाला तडा दिला. काहींमध्ये ऑक्सिजन कमी आणि नायट्रोजन, सोडियम जास्त निघालं. तरी शंका उरलीच. हे तारे उतारवयातले. पोटात तयार झालेली द्रव्यं ढवळून पृष्ठभागावर आली असतील तर?

त्याचा निवाडा खुज्या ताऱ्यांनी केला. सूर्याच्या निम्म्याहून कमी वस्तुमानाच्या या ताऱ्यांच्या गाभ्यात ऑक्सिजनचं नायट्रोजन करण्याइतकी उष्णता कधीच नसते. त्यांच्यात आज जो ऑक्सिजन आहे, तो जन्मापासूनचा.

पण एवढ्या मंद ताऱ्यांतला ऑक्सिजन मोजायचा कसा? त्यांचा पृष्ठभाग इतका थंड असतो, की तिथे पाण्याची वाफ टिकते. ऑक्सिजन जास्त तर वाफ जास्त, आणि ही वाफ अवरक्त प्रकाशाचा ठराविक भाग शोषते. त्यामुळे हबल दुर्बिणीच्या अवरक्त गाळण्यांतून या ताऱ्यांच्या रंगांत फरक दिसतो. आंतोनिनो मिलोने आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मेसिए ४ मधल्या खुज्या ताऱ्यांच्या, रंग आणि तेजाच्या आलेखावर, दोन वेगळ्या रांगा दाखवल्या.

थंड गोलांची रसायनं अवरक्तातून वाचण्याच्या कामात आपल्या जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेल्या श्रीनिवास कुलकर्णी यांचाही मोठा वाटा आहे. १९९५ मध्ये त्यांच्या गटाने ग्लिझे २२९बी या तपकिरी खुज्याच्या वर्णपटात मिथेन ओळखला. ताऱ्यांमध्ये मिथेन तग धरत नाही. म्हणून तो तारा नव्हे, हे पक्कं झालं.

मयूर तारकासमूहातल्या एनजीसी ६७५२ गुच्छात पुढे आणखी मोलाची गोष्ट हाती लागली. तिथल्या खुज्या ताऱ्यांमधली ऑक्सिजनची तफावत राक्षसी ताऱ्यांइतकीच भरली. जन्मानंतर ताऱ्यांनी आजूबाजूचा वायू ओढून घेतला असता, तर जड ताऱ्यांनी जास्त आणि खुज्यांनी कमी ओढला असता. तफावत सारखी राहिली नसती. म्हणजे वेगळेपण वरून चिकटलेलं नाही, ते मुळातल्या वायूतलंच आहे.

तो वायू कोणत्या ताऱ्यांनी आधी आपल्या पोटात शिजवून बाहेर टाकला, यावर अजून एकमत नाही. काहींच्या मते मध्यम वजनाच्या वृद्ध ताऱ्यांनी, काहींच्या मते अतिजड ताऱ्यांनी. उत्तर कोणतंही येवो, खुज्या ताऱ्यांनी जपलेल्या ऑक्सिजनच्या हिशेबाशी त्याला जुळावंच लागेल.