जेवणाच्या सुट्टीत चित्रं बघा!

फोर्टात कामाला जाणाऱ्यांनो, एखाद्या दुपारी डबा लवकर संपवून जहांगीर आर्ट गॅलरीत डोकवा. १९५२ पासून ती सगळ्यांसाठी खुली आहे आणि प्रवेश मोफत. बहुतेक प्रदर्शनं आठवडाभरच टिकतात, त्यामुळे पुढच्या खेपेला भिंती नव्या! आणि सगळ्यात मोठं सुख म्हणजे चित्रकार बरेचदा तिथेच बसलेला असतो. बेधडक विचारा: हाच रंग का? हे चित्र पुरं झालं हे तुम्हाला कळलं कसं? अशा प्रश्नांवर मी कित्येकदा तासभर रंगलेल्या गप्पा ऐकल्या आहेत. बाहेर फुटपाथवरचे चित्रकारही चुकवू नका.

‘आपल्याला कळणार नाही’ असं वाटत असेल, तर सुधीर पटवर्धनांपासून सुरुवात करा. ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करता करता त्यांनी लोकल, इराणी हॉटेल, चाळी, उपनगरातली गर्दी रंगवली. त्यातली माणसं आपल्या रोजच्या ओळखीची. मग अतुल दोडिया बघा. त्यांनी तर दुकानाच्या लोखंडी शटरवरच चित्रं काढली. शटर वर सरकवलं की मागे दुसरं चित्र! ती पाहिल्यापासून मला बंद दुकानांसमोरून नुसतं चालत जाता येत नाही.

गॅलरीत जायला वेळच नसेल, तर वांद्र्याला एमटीएनएलच्या इमारतीवर रंजित दहियांनी रंगवलेले भव्य दादासाहेब फाळके बघा.

तुमच्या रोजच्या वाटेवर असं काय आहे? फोटो टाका, मी नक्की जाऊन बघेन.