छोट्या पडवीत सुतारशाळा

सुतारकामाची हौस असणाऱ्यांची पहिली तक्रार जागेची असते. वसई तालुक्यातील निर्मळसारख्या गावात जुन्या घरांना पडवी असते, तर नव्या इमारतींत फार तर सज्जा. तरीही सहा फूट बाय चार फूट जागेत हातकामाची सुतारशाळा मांडता येते. अडचण जागेपेक्षा दमट हवेची आणि धुळीची अधिक आहे.

प्रथम कामाचे टेबल. चार फूट लांबीची जाड फळी भिंतीला बिजागरीने जोडल्यास काम संपताच मिटवता येते. रंधा मारताना आडवा रेटा बसतो. म्हणून आधार भक्कम हवा. उंची साधारण उभ्या माणसाच्या मनगटाइतकी असावी. करवत, रंधा, पटाशी, गुण्या, गिरमिट आणि दोन क्लॅम्प एवढ्यावर आरंभ होतो. प्लायवूडचा आठ बाय चार फुटांचा तक्ता दुकानातूनच कापून आणावा.

पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. मे महिन्यात घट्ट बसवलेला खण जुलैमध्ये अडकतो. म्हणून बाजूंना थोडी फट ठेवावी. समुद्र जवळ असल्याने हत्यारांवर तेलाचा हात फिरवणेही आवश्यक.

लाकडाची धूळ मात्र क्षुल्लक समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तिला कर्करोगकारक ठरविले आहे. पॉलिशपेपर घासण्याचे काम उघड्यावर, तोंडा-नाकावर योग्य मास्क लावूनच करावे. धूळ झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. घरातील मुले आणि वृद्ध याच हवेत श्वास घेतात.